औषधे संपल्यानंतरचा डबा : रत्नागिरीतील एका पथ्याच्या जेवणाचे परीक्षण

हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठराला सूज आणणारा आणि तिथे व्रण (अल्सर) करणारा जिवाणू पोटातून घालविण्यासाठी प्रतिजैविकांचा चौदा दिवसांचा कोर्स घेणाऱ्या रुग्णाच्या चिठ्ठीवर गोळ्यांची नावे असतात, त्यांच्या वेळा असतात आणि पुढच्या तपासणीची तारीख असते. मात्र त्या तारखेपर्यंतच्या आठवड्यांत ताटात काय वाढायचे, याविषयी ‘हलका आहार’ या दोन शब्दांपलीकडे सहसा काही लिहिलेले नसते. त्या दोन शब्दांचा अर्थ लावण्याचे काम घरच्या स्वयंपाकघरावर येते, आणि ज्यांच्या घरी दिवसभर कोणी नसते व नोकरीची वेळ ठरलेली असते, त्यांना ते बाहेर सोपवावे लागते. रत्नागिरीत नाचणे परिसरात एक गृहिणी आपल्या घरातून असा पथ्याचा डबा चालवितात. ज्येष्ठ-आषाढाच्या पावसात, माझा कोर्स चालू असताना आणि त्यानंतर तपासणीचा निकाल येईपर्यंत, मी त्यांच्याच डब्यावर होते. एका वेळी मोजक्याच माणसांचे जेवण त्यांच्या हातून होते, म्हणून आपले नाव लिहू नये अशी त्यांची विनंती आहे आणि ती मी पाळते आहे. तरीही हे परीक्षण लिहावेसे वाटले, कारण असा डबा लावण्याची वेळ कोकणात कोणावरही आणि कोणत्याही गावी येऊ शकते, आणि तो कोणत्या कसोट्यांवर निवडावा हे या एका डब्याने मला फार स्पष्टपणे दाखविले.

पहिली कसोटी डबा सुरू होण्याआधीच लागते. या वहिनी (आमच्या शाळेत सगळ्याच त्यांना वहिनी म्हणतात) नवीन माणसाचा डबा घेण्यापूर्वी त्याच्याशी निवांत बोलतात आणि एका वहीत लिहून घेतात. कोणती औषधे चालू आहेत, त्यांतली कोणती उपाशीपोटी आणि कोणती जेवणानंतर, डॉक्टरांनी काय वर्ज्य सांगितले आहे, मधुमेह किंवा रक्तदाब आहे का, मासे चालतात का, वारांचे उपास कोणते, या सगळ्याची नोंद होते. माझ्याशी बोलताना त्यांचे पहिले वाक्य होते, “बाई, तुम्हाला काय सोसत नाही ते आधी सांगा, काय आवडतं ते मग बघू.” त्यांनी मला कोणताही काढा सुचविला नाही, कोणत्याही गोळीविषयी मत दिले नाही आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचे छायाचित्र पाहून जे समजले नाही ते मलाच डॉक्टरांना विचारायला सांगितले. जेवण देणाऱ्याने औषधाच्या प्रांतात पाऊल न टाकणे हा गुण दिसायला लहान आहे. पण पथ्याचे जेवण देणाऱ्या अनेकांकडे तो नसतो, याचा उल्लेख पुढे येईल.

दुसरी कसोटी वेळेची, आणि या आजारात ती चवीपेक्षाही मोठी मानावी असे माझे मत आहे. उपचारात प्रतिजैविकांच्या जोडीला जठरातील आम्ल कमी करणारी गोळी असते. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल या त्याच कुळातल्या. ही गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यावी लागते, कारण जेवण पोटात पडू लागले की आम्ल सोडणाऱ्या पेशी कामाला लागतात आणि नेमक्या त्याच वेळी औषध रक्तात पोहोचलेले असावे लागते. गोळी घेतली आणि जेवण दोन तास उशिरा आले, तर तिचा बराच परिणाम वाया जातो. मधल्या सुट्टीच्या आधी डबा शाळेच्या शिपाईमामांकडे पोहोचलेला असणे आणि रात्रीचा डबा सातच्या सुमारास दारात असणे, हे वहिनींनी आणि स्कूटरवरून डबे पोहोचविणाऱ्या त्यांच्या मुलाने जवळजवळ न चुकता सांभाळले. आषाढात धो-धो पाऊस कोसळून साळवी स्टॉपकडची वाहतूक खोळंबली होती, तेव्हा त्यांनी निघण्यापूर्वीच फोन करून उशीर होईल असे कळविले, त्यामुळे मी गोळीची वेळ त्यानुसार पुढे ढकलू शकले. रात्रीचे जेवण सातला होणे हेही फायद्याचे ठरले. जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर राहिले की रात्री घशाशी येणारे आंबट पाणी पुष्कळच कमी होते.

मला दिलेला उपचार चार औषधांचा होता: आम्ल कमी करणारी गोळी, बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडाझोल. क्लॅरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाला न जुमानणारे जिवाणू आपल्याकडे बरेच आढळतात, म्हणून हल्ली अनेक डॉक्टर हा चार औषधांचा मार्ग पसंत करतात. तो परिणामकारक आहे, पण सोपा नाही. मेट्रोनिडाझोलमुळे तोंडाला सतत धातूची चव राहते, बिस्मथमुळे जीभ आणि शौच काळपट होते, मळमळ असते आणि भूक नाहीशी होते. या दिवसांत डब्याचे काम एकच असते. माणसाने काहीतरी खावे आणि कोर्स अर्धवट सोडू नये. अर्धवट सोडलेल्या कोर्समधून वाचलेले जिवाणू पुढच्या औषधाला अधिक चिवट होऊ शकतात, आणि १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जिवाणूला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातलेले असल्यामुळे तो चिवट होऊन पोटात राहणे कोणालाच परवडणारे नाही.

या काळातली वहिनींची सर्वांत चांगली गोष्ट वेगळीच होती. टेट्रासायक्लिन घेताना दूध, दही, ताक टाळावे लागते, कारण त्यांतील कॅल्शियम औषधाला बांधून ठेवते आणि ते रक्तात नीट उतरत नाही. हे डॉक्टरांनी सांगितले होते आणि वहीत लिहिलेही गेले होते, त्यामुळे दुपारच्या डब्यातले ताक पहिल्या दिवसापासूनच वगळले गेले. पण त्यानंतर वहिनींनीच मला विचारले की, नाचणीतही कॅल्शियम पुष्कळ असते असे आपण नेहमी ऐकतो, मग नाचणीची आंबील चालेल का, तेवढे डॉक्टरांना विचारून घ्या. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे शंका अगदी रास्त होती. डॉक्टरांनी नाचणी औषधाच्या वेळेपासून दूर ठेवायला सांगितली. चार वेळा औषध असल्यामुळे तसे अंतर सापडेना, म्हणून कोर्स संपेपर्यंत आंबील बंद झाली आणि तिच्या जागी मुगाचे पातळ कढण आले. दूध सगळ्यांच्या लक्षात राहते, नाचणी कोणाच्याच राहत नाही. आजारी माणसाला सर्रास नाचणी देणाऱ्या आपल्या प्रदेशात तर ही गोष्ट प्रत्येक घरात माहीत असायला हवी.

आता प्रत्यक्ष जेवणाविषयी. सकाळच्या न्याहारीसाठी आदल्या संध्याकाळीच तांदूळ आणि भाजलेल्या मुगाच्या डाळीची भरड एका पुडीत येत असे व घरी तिचा गुरगुट्या भात शिजवायचा असे. ही कल्पना मला फार आवडली, कारण मऊ भात ताजाच चांगला. शिजवून डब्यात घालून पाठविला की त्याचा गोळा होतो. सोबत मेतकूट आणि चमचाभर साजूक तूप. दुपारच्या डब्यात उकड्या तांदळाची पेज किंवा मऊ भात, एक भाजी, मुगाचे वरण किंवा कढण, आणि कोर्स संपल्यानंतर पातळ गोडे ताक. उकडा तांदूळ त्या सावंतवाडीकडून आणवितात. भात साळीसकट भिजवून वाफवला जातो, तेव्हा तुसाजवळची ब जीवनसत्त्वे काही प्रमाणात दाण्यात शिरतात आणि पुढे कांडताना ती सगळी निघून जात नाहीत. म्हणून ही पेज पांढऱ्या तांदळाच्या पेजेपेक्षा सकस असते. वहिनींच्या पेजेत शिताचा दाणा मोडलेला, पण दिसणारा असतो आणि निवळ दाट असते. पेज पाणचट असली तर तासाभरात पोट रिकामे होऊन जळजळू लागते, ही अडचण त्यांच्या पेजेला कधी आली नाही.

भाज्यांमध्ये दुधी, पडवळ, शिराळे, लाल भोपळा आणि कच्ची केळी यांची आलटून-पालटून पाळी असे. फोडणी जिऱ्याची, तेल अगदी बेताचे, मिरचीऐवजी आले किसून, आणि वर मूठभर ऐवजी चिमूटभर खोबरे. लाल भोपळ्याची भाजी त्यांच्या हातची उत्तम असते. तिला गुळाचा खडा आणि मेथीदाण्याचा वास लागलेला असतो आणि तोंडाला चव नसलेल्या दिवसांतही ती खावीशी वाटते. पडवळ मात्र प्रत्येक वेळी जास्त शिजलेले असे. संध्याकाळी दोन घावन आणि भाजी, किंवा मऊ तांदळाची भाकरी आणि कढण. बिडाच्या तव्यावर केलेले जाळीदार घावन तेलाच्या एका पुसटशा हातावर सुटते, म्हणून पथ्याला हा पदार्थ अगदी योग्य आहे. पण डब्यात बंद झाल्यावर वाफेने ते ओलसर होते. त्यासाठी वहिनी केळीच्या पानाचा तुकडा मध्ये घालतात. अधूनमधून तवकिराची खीर येई. ती पचायला हलकी खरीच. परंतु मला नेहमीच गोड जास्त वाटली आणि सांगितल्यावरही साखर थोडीच कमी झाली.

पोर्शन लहान असतो, आणि तो मुद्दाम तसा ठेवलेला आहे. सुजलेले जठर लवकर भरल्यासारखे होते, तडस लागते आणि मग पुढचे तास अस्वस्थतेत जातात. म्हणून दुपारच्या डब्यासोबत चार वाजता खाण्यासाठी एक वेगळी डबी असते, तीत राजेळी केळे उकडून, लाह्यांचा चिवडा किंवा उकडलेले रताळे असे काहीतरी. वजन घटलेल्या तरुण माणसाला मात्र हा डबा अपुरा पडेल, असे वाटते. माझ्याबरोबर डबा लावलेल्या, बंदरावर कष्टाचे काम करणाऱ्या एका मुलाला तो अपुरा पडतच होता. वाढीव भात मागितल्यावर त्यांनी दिला, पण तो मागावा लागला.

या सगळ्या काळातले सर्वांत अवघड आठवडे कोर्स संपल्यानंतर येतात, आणि याची पूर्वसूचना फार थोड्या रुग्णांना असते. जिवाणू गेला की नाही हे कळण्यासाठी श्वासाची युरिया चाचणी किंवा शौचातील प्रतिजनाची (जिवाणूच्या अंशाची) चाचणी करतात. ती प्रतिजैविके संपल्यावर किमान चार आठवड्यांनी करायची असते आणि तिच्याआधी किमान दोन आठवडे आम्ल कमी करणारी गोळीही बंद ठेवावी लागते. नाहीतर जिवाणू दबलेला राहून चाचणी चुकीने निर्दोष येऊ शकते. रक्तातील प्रतिपिंडांची (अँटिबॉडीजची) चाचणी यासाठी उपयोगाची नाही, कारण जिवाणू गेल्यावरही ती प्रतिपिंडे अनेक महिने रक्तात राहतात. आता होते असे की, गोळी बंद झाल्याबरोबर इतके दिवस दाबून धरलेले आम्ल काही काळ नेहमीपेक्षाही जास्त स्रवते. छातीत जळजळ होते, ढेकरा येतात, पोटाच्या वरच्या भागात पूर्वीसारखेच दुखते, आणि माणसाची खात्री पटते की जिवाणू परत आला. बहुतेकांच्या बाबतीत तसे नसते. जठराचे अस्तर भरून यायला आठवडे, कधी महिने लागतात आणि अपचनाच्या तक्रारी पूर्ण ओसरायला काहींना सहा महिनेही लागतात. या काळात डॉक्टरांच्या परवानगीने साधे अँटासिड घेता येते. पण खरा आधार असतो तो वेळेवर, थोड्या प्रमाणात आणि कोणताही धक्का न देणाऱ्या जेवणाचा. याच आठवड्यांत शाळेत घटक चाचण्या चालू होत्या, जागरणे होत होती, आणि अशा वेळी रोज दुपारी डब्यात काय असेल याची धास्ती नसणे ही गोष्ट माझ्या दृष्टीने अमोल होती. वहिनींचा मुलगा रिकामा डबा न्यायला आला की विचारी, “आईने विचारलंय, आज काय सोसलं?” मी जे सांगत असे ते दुसऱ्या दिवशीच्या डब्यात दिसत असे. टोमॅटोचे सार सोसले नाही असे कळविल्यानंतर ते पुन्हा कधीच आले नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. गोळ्या बंद असताना होणारी जळजळ आणि धोक्याची लक्षणे यांत फरक आहे. बिस्मथ थांबल्यावरही शौच डांबरासारखे काळे होणे, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखे काही दिसणे, गिळताना अडकणे, वजन उतरतच राहणे किंवा रक्त कमी झाल्याचे तपासणीत दिसणे, यांपैकी काहीही असेल तर पथ्य बदलून पाहण्यात वेळ घालवू नये, सरळ डॉक्टरांकडे जावे. वहिनींच्या स्वयंपाकघराच्या दारामागे हीच यादी एका कागदावर लिहून चिकटविलेली आहे. त्यांच्या ओळखीच्या एका परिचारिकेने ती करून दिली असे त्या म्हणाल्या. जेवणाच्या डब्याबरोबर असा कागद ठेवणारी दुसरी सेवा माझ्या पाहण्यात नाही.

वर म्हटले तो औषधाच्या प्रांताचा मुद्दा आता घेते. या डब्यापूर्वी मी याच जिल्ह्यातील आणखी एका पथ्य-आहार सेवेची चौकशी केली होती. त्यांच्या पत्रकात विशिष्ट आहाराने पोटातील जंतू कायमचे नष्ट होतात, गोळ्यांची गरज उरत नाही, असे छापलेले होते आणि फोनवरही तेच सांगण्यात आले. हा दावा खोटा आहे आणि घातक आहे. जठराच्या व्रणावर आहाराने उपचार करण्याचा मोठा प्रयोग जगाने करून पाहिलेला आहे. शिकागोचे डॉक्टर बर्ट्राम सिप्पी यांनी १९१५ साली दर तासाला दूध-साय आणि क्षार देण्याची पद्धत मांडली आणि पुढे अनेक दशके व्रणाचे रुग्ण दूध पीत राहिले; त्यांना तात्पुरते बरे वाटे आणि व्रण पुन्हा उलटे. १९८२ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी जठरातील हा नागमोडी जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून दाखविला. लोक विश्वास ठेवीनात म्हणून १९८४ साली मार्शल यांनी तो स्वतः पिऊन आपल्या जठराला सूज येते हे सिद्ध केले, आणि २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. युरिएज नावाच्या विकराने (एन्झाइमने) युरियापासून अमोनिया तयार करून हा जिवाणू आपल्याभोवतीचे आम्ल निवळतो आणि म्हणूनच जठरासारख्या ठिकाणी टिकून राहतो. तो मरतो औषधांनी. तिखटामुळे व्रण होतो असे नाही आणि पेजेने तो भरतो असेही नाही. तिखट, तळकट, फार आंबट पदार्थ सुजलेल्या अस्तराला झोंबतात आणि पेज झोंबत नाही, इतकेच. वहिनी आपल्या डब्याविषयी याहून अधिक काही सांगत नाहीत. उलट मी ताकाचे गुण गाऊ लागले तेव्हा त्यांनी विचारले की, डॉक्टरांनी दिलेली उपकारक जंतूंची पावडर बंद करून ताकावर राहायचे असे तर तुमच्या मनात नाही ना. काही विशिष्ट उपकारक जिवाणूंच्या पुड्यांनी प्रतिजैविकांमुळे होणारे जुलाब कमी होऊ शकतात हे खरे आहे; घरच्या विरजणात ते नेमके कोणते आणि किती असतील याची खात्री कोणी देऊ शकत नाही, त्यामुळे ताक हे जेवण म्हणून प्यावे, हाच विचार योग्य आहे.

मासळीच्या बाबतीत पावसाळ्याची वेळ असल्यामुळे त्यांची परीक्षाच होती. १ जून ते ३१ जुलै यांत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, मिरकरवाडा बंदर शांत असते आणि घरोघरी सुका बांगडा, सुकट, सोडे यांच्यावर भागविले जाते. चव गेलेल्या माणसाला भाजलेल्या सुक्या बोंबलाचा वासही पुरेसा असतो, आणि मी एकदा तसे मागूनही पाहिले. वहिनींनी दिले नाही. फार खारवलेले अन्न आणि हा जिवाणू यांची जोडी जठरासाठी वाईट आहे. जास्त मीठ आणि खारवलेले मासे यांचा जठराच्या कर्करोगाशी असलेला संबंध अनेक देशांतील अभ्यासांत दिसून आलेला आहे, आणि दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ अशी जागतिक आरोग्य संघटनेची सर्वांसाठीच शिफारस आहे. त्यांचे कारण अधिक सरळ होते: “खारं आहे बाई, पोट बरं होऊ दे, मग खा.” खाडीची ताजी मुडदुशी मिळे त्या दिवशी ती हळद, मीठ आणि आल्याच्या रसात शिजवून पातळ कालवणासारखी येई. मुडदुशी पचायला हलकी, आणि कोकणात बाळंतिणीला व आजाऱ्याला ती देण्याची रीत आहे. मांसाहार न करणाऱ्यांसाठी त्या दिवशी मुगाचे बिरडे असे. जुना जठरदाह असणाऱ्यांत ब-१२ आणि लोह कमी पडलेले आढळते, म्हणून शाकाहारी माणसाने केवळ डब्यावर विसंबून न राहता रक्त तपासून घ्यावे, असे मला माझ्या डॉक्टरांनी सांगितले होते; ते येथे नोंदवून ठेवते.

काही गोष्टी मला पटल्या नाहीत. पहिली सोलकढीची. आपल्याकडे सोलकढी पित्तावर उतारा मानली जाते आणि वहिनींचाही तिच्यावर फार विश्वास आहे. मिरची वगळून, लसणाचा फक्त वास लावून, नारळाचे दूध पातळ करून त्या ती पाठवीत. तरीही कोकमाच्या आगळाचा आंबटपणा आम्लाची गोळी बंद असलेल्या आठवड्यांत मला झोंबत असे. सांगितल्यावर ती बंद झाली, परंतु नव्या रुग्णांना ती अजूनही सुरुवातीपासून दिली जाते. ती मागणाऱ्यालाच आणि उशिरा द्यावी, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. दुसरी गोष्ट नारळाची. आठवडाभर चिमटीत राहिलेले खोबरे शनिवारच्या भाजीत आणि कालवणात वाटण होऊन परत येई. स्निग्ध पदार्थ जठरातून सावकाश पुढे सरकतात, त्यामुळे त्या रात्री पोट जड राहणे ठरलेलेच. कोकणी हाताला खोबरे आवरणे कठीण आहे हे मी जाणते. तरी पथ्याचा डबा शनिवारीही पथ्याचाच असला पाहिजे. कुळथाची पिठीही त्यांनी माझ्या मते लवकर सुरू केली. प्रतिजैविकांनंतर आतडे पूर्वपदावर येईपर्यंत कडधान्यांनी वात धरतो, आणि मुगाखेरीज दुसरे काही त्या काळात मला मानवले नाही.

डबे हा सर्वांत मोठा दोष. दुपारचे जेवण स्टीलच्या डब्यात येते, पण रात्रीचे कढण आणि पेज प्लॅस्टिकच्या पातळ डब्यांत गरम गरम भरली जाते. याबाबत मी दोनदा बोलले. स्टीलचे डबे परत येत नाहीत अशी त्यांची अडचण आहे, आणि ती खरी असली तरी डब्यामागे अनामत रक्कम घेऊन ती सुटू शकेल. स्वयंपाकघर मात्र मी पाहिले आहे आणि ते निःसंशय स्वच्छ आहे. पिण्याचे आणि ताकात घालण्याचे पाणी विहिरीचे असले तरी खळखळून उकळलेले असते, आणि पावसात गढूळ झाल्यावर ते आधी गाळून मग उकळतात. हा जिवाणू दूषित पाणी-अन्नातून आणि तोंडावाटे माणसाकडून माणसाकडे जातो असे मानले जाते, त्यामुळे एवढी काळजी येथे आवश्यकच आहे. डाव, चमचे प्रत्येक पातेल्याचे वेगळे असतात आणि चव पाहण्याचा चमचा पुन्हा पातेल्यात जात नाही.

दर शहरातील साध्या शाकाहारी डब्यापेक्षा थोडा अधिक आहे. प्रत्येकासाठी वेगळे शिजवावे लागते हे पाहता तो मला वाजवी वाटतो. पैसे आठवड्याला घेतात, न घेतलेल्या डब्याचे कापून देतात, आणि आदल्या रात्री आठपर्यंत कळविले की डबा बंद ठेवता येतो. रविवारी संध्याकाळी डबा नसतो. एकट्याने राहणाऱ्याला त्याची सोय आधी करून ठेवावी लागते. ज्यांना मधुमेहही आहे त्यांनी हा डबा जसाच्या तसा लावू नये, कारण मऊ भात, पेज, रताळे आणि खीर यांनी साखर वाढेल. त्यांच्यासाठी वेगळी आखणी करण्याची वहिनींची तयारी आहे, पण आहारतज्ज्ञाचा लेखी कागद आणा असे त्या सांगतात.

माझी शौचातील प्रतिजनाची चाचणी श्रावणाच्या तोंडावर झाली आणि जिवाणू नसल्याचा निकाल आला. तो कळविल्यावर वहिनींनी लगेच नेहमीचे जेवण सुरू केले नाही. पहिल्या आठवड्यात फोडणीत लसूण आला, दुसऱ्या आठवड्यात तूरडाळीची आमटी आणि अगदी थोडे आमसूल, त्यानंतर पोळी, आणि मालवणी मसाला सर्वांत शेवटी, तोही अर्ध्या चमच्याने. प्रत्येक नव्या पदार्थानंतर दोन दिवस थांबून त्या विचारीत. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून आणून घेण्याच्या वेदनाशामक गोळ्या जठराचे अस्तर पुन्हा दुखावतात, तेव्हा त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, हे माझ्या डॉक्टरांचे वाक्यही त्यांच्या वहीत माझ्या नावापुढे लिहिलेले मला दिसले. पोळी-भाजी नीट पचू लागल्यावर त्यांनी स्वतःहूनच सांगितले की आता तुम्हाला या डब्याची गरज नाही, तुमची जागा दुसऱ्या कोणाला देते. सोलकढी, शनिवारचे खोबरे आणि प्लॅस्टिकचे डबे या तीन गोष्टी सुधारल्या, तर या सेवेत उणे काढण्यासारखे फारसे राहणार नाही. आजच्या स्थितीतही, या उपचारातून जाणाऱ्या आणि घरी स्वयंपाक करायला कोणी नसलेल्या माणसाला मी ती निश्चितपणे सुचवीन. कोर्स सुरू होण्याच्या चार-पाच दिवस आधी विचारावे, कारण जागा रिकामी नसली तर त्या नवा डबा घेत नाहीत.